एक्केचाळीस नंबरची हापशी

"अजून अकरा मीटरचा फरक दाखवून राह्यलं," देवराव म्हणाले आणि मोबाइल डोक्याच्या वर धरून तसेच उभे राहिले.

हापशीवर तीन बायका होत्या. दोघींच्या घागरी केव्हाच भरल्या होत्या, तरी त्या हलत नव्हत्या. खिशाला पेन लावलेला साठीचा माणूस हापशीला खेटून आभाळाला मोबाइल दाखवतो आहे, हे सोडून जायचं तरी कसं?

"ओ भाऊ, इथं रेंज नाई," एक जण म्हणाली. "टेकडीवर जा लागते."

"रेंज नाई पाहून राह्यलो, बाई. हापशीची जागा घेऊन राह्यलो."

"जागा घेता? मंग पाणी कुठून भरावं आमी?"

देवराव मनापासून हसले. "उचलून नाई नेत वो. नकाशावर घेतो. सरकारच्या यादीत तुमची हापशी इथं नाईच."

"मंग कुठं हाय?"

"कचेरीच्या आंगनात."

"तरीच!" बाईनं दांड्यावरचा हात काढून कपाळाला लावला. "दांडा मारू मारू खांदे गेले आमचे, अन् पाणी तिकडे सायेब लोक पेऊन राह्यले!"

तिघी हसल्या, देवरावही हसले. हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही. दहा पावलांवर, कडुनिंबाच्या सावलीत लावलेल्या स्कूटीवर त्यांची मुलगी प्रेरणा बसली होती. ती दोन दिवसांसाठी पुण्याहून पुसदला आली होती आणि "चाल माह्यासंगं, तुले दाखवतो" म्हणून बापानं तिला सकाळीच बाहेर काढलं होतं. ती ऑफिसच्या निरोपांना उत्तरं देत होती. हसू तिलाही आलं, पण तिनं मान वर केली नाही.

"पाच मीटर!" देवराव पोरासारखे ओरडले. जागेचे दोन आकडे मोबाइलमध्ये उतरले होते, तरी त्यांनी ते खिशातल्या वहीत लिहिले. एकशे अठरा नंबर. आता आठच उरल्या.

देवराव एकतीस वर्षं दूरध्वनी खात्यात होते. खांबावर चढणारा माणूस, पुढे यंत्रांच्या खोलीत बसणारा माणूस. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा लोकांनी प्लॉट घेतले, देवरावांनी कार्डं छापली. त्यावर नाव, नावाखाली 'आयटी सल्लागार'. सल्ला म्हणजे पतसंस्थेचा बंद पडलेला संगणक आणि शाळेचा अडकलेला ऑनलाइन फॉर्म. "कोनी सल्ला मागत नाई, अन् हे कार्ड वाटून राह्यले," असं त्यांची बायको नलू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. देवराव तेवढ्यात त्या येणाऱ्यालाही एक कार्ड देत.

त्यांचा खरा जीव दोन गोष्टींत होता. एक म्हणजे पहिला रविवार. महिन्याच्या पहिल्या रविवारी बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत गावातले संगणकवाले जमत. ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्राचा श्रावण, जिल्हा परिषद शाळेच्या इंदुताई, आणखी दोघं-तिघं. कोणाला काय नवीन सापडलं ते सांगायचं, कोणाचं काय अडलं ते सोडवायचं. फी नाही, अध्यक्ष नाही. चहा देवरावांचा.

दुसरी गोष्ट म्हणजे सरकारनं सगळ्यांसाठी खुली केलेली माहिती. पाऊस किती पडला, शाळा किती, दवाखाने कुठं, हापशा कुठं. ती कोणीही उघडून पाहावी म्हणून ठेवलेली असते आणि कोणी पाहत नाही, याचं देवरावांना फार वाईट वाटे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका तालुक्यातल्या हापशांची यादी उतरवून नकाशावर टाकली, तर पडद्यावर एकच ठिपका उमटला. एकशे सव्वीस हापशा एकावर एक, कचेरीच्या आवारात. यादी खोटी नव्हती, हापशाही खऱ्या होत्या. फक्त ज्यानं ती भरली त्यानं प्रत्येक हापशीची जागा आपल्या खुर्चीत बसूनच घेतली होती. तो तालुका कोणता, हे देवरावांनी कधी चारचौघांत सांगितलं नाही. "त्या बाबूच्या नोकरीवर कायले यायचं? एकशे सव्वीस गावठाणं फिरायले त्याले गाडी कोनं देल्ली होती?" असं म्हणून ते स्वतःच फिरायला लागले. स्वतःच्या स्कूटीवर, स्वतःच्या पेट्रोलनं.

पहिल्या साठ हापशा झाल्या तेव्हा त्यांनी ती फाइल प्रेरणाला पाठवली. 'तुझ्या कामात आली तर बघ,' एवढंच लिहिलं होतं.

ती कामात आली. प्रेरणाच्या कंपनीला एका संस्थेसाठी त्याच भागातल्या पाण्याचा नकाशा करायचा होता. पाहणीला माणसं पाठवायची तर पावसाळा होता आणि मुदत संपत आली होती. तिनं वडिलांचे साठ ठिपके नकाशात टाकले. संस्थेच्या लोकांनी मधले पाच-सहा तपासून पाहिले, सगळे बरोबर निघाले. 'प्रत्यक्ष पाहणी कोणी केली' या रकान्यात प्रेरणानं लिहिलं, कंपनीचा चमू. संस्थेनं तो नकाशा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. दोन महिन्यांनी तिला बढती मिळाली. पुढं कधीतरी देवरावांनी फोनवर सहज विचारलं, "ते फाइल आली का गं कामात?" ती म्हणाली, "उघडून पाहायलाच वेळ नाही मिळाला, बाबा." ते म्हणाले, "असू दे. वेळ भेटला का पाह्य."

खोटं असं एका वाक्याचं असतं, पण नंतर ते मागे घ्यायला दर वेळी एक वाक्य जास्त लागतं. प्रेरणानं आज सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं काढली होती.

परतीच्या वाटेवर, दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये खडबडीत डांबरी रस्ता, देवराव पुढे बघतच म्हणाले, "उद्या पहिला रविवार हाय. थांब नं."

"सोमवारी मीटिंग आहे, बाबा."

"दहा मिन्टं बोल फक्त. तुमच्या कंपनीनं तो पाण्याचा नकाशा केला नं, त्याच्यावरच बोल. खुश होतील सारे."

ते पुढं, ती मागं. त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता.

"त्यात काय बोलायचं? नेहमीचंच काम आहे ते."

"बरं." स्कूटी एका खड्ड्यातून सावकाश बाहेर आली. "पुढच्या वेळी बोलजो."

संध्याकाळी ते तिला ट्रॅव्हल्सपर्यंत सोडायला आले. ती नको म्हणत असताना बॅग त्यांनीच वर चढवली, आणि ड्रायव्हरला त्याच्या गाडीचं लोकेशन दाखवणारं यंत्र बरोबर चालतं का, ते विचारत उभे राहिले. गाडी हलली तेव्हा प्रेरणा फोनवर होती. तिनं काचेतून हात हलवला.

सकाळी ती पुण्यातल्या घराचं कुलूप काढत असताना श्रावणचा फोन आला. "ताई, लवकर परत या," तो म्हणाला. देवराव नेहमीप्रमाणे तासभर आधी अभ्यासिका उघडायला गेले होते. खुर्च्या मांडून झाल्यावर एका खुर्चीवर बसले. श्रावण आला तेव्हा ते बसलेलेच होते.

अंत्यसंस्कार झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसं मावली नाहीत. दूरध्वनी खात्यातले म्हातारे होते, शाळांचे मुख्याध्यापक होते, आणि कोणत्या तरी गावच्या दोन बायका होत्या, ज्यांना घरातलं कोणीच ओळखत नव्हतं. नलू फार रडली नाही. चार दिवसांनी भाजी निवडताना एकदम म्हणाली, "सतरा खुर्च्या मांडल्या होत्या म्हने. येतेत पाच जन." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

प्रेरणानं सुट्टी वाढवली. तिसऱ्या आठवड्यात श्रावण आणि इंदुताई घरी आले. पहिला रविवार चालू ठेवायचा का बंद करायचा, हे विचारायला. काकांनंतर तो चालवणार कोण? बोलता बोलता श्रावणनं मोबाइल पुढं केला.

"ताई, हे तुमाले दाखवायचं होतं. मांगच्या साली काकांनीच दाखवलं आमाले. पुण्याची कोन्ती तरी कंपनी हाय. म्हने, पाहा, किती चांगलं काम केलं. मी पाह्यलं, तं हे सारे आपलेच पॉइंट! मी म्हनलं, काका, चोरी हाय हे. तं काका म्हनते कसे, 'अरे, हापशी एकच हाय तं पॉइंट बी एकच येईन. त्यायचे मानसं गेले असतीन.'"

"आणि कधी नाही ते चिडले होते श्रावणवर," इंदुताई म्हणाल्या. "चोरी हा शब्द इथं काढायचा नाही म्हणाले."

प्रेरणानं मोबाइलकडे पाहिलं. नकाशाचे रंग तिनंच निवडले होते. तिनं चहाचे कप उचलले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वडिलांचा संगणक उघडला. हापशांच्या फाइलमध्ये शेवटी एक पान होतं, 'दुरुस्त्या' नावाचं. नंबर, तारीख, काय चुकलं, काय बदललं. ती वाचत गेली. एक्केचाळीस नंबरच्या हापशीसमोर देवरावांनी लिहिलं होतं:

'हापशीला बैल बांधला होता. मारका होता. म्हणून जागा लांबून घेतली, ती कपाशीच्या शेतात पडली. चूक माझी. पुण्याच्या नकाशातही हापशी शेतातच दिसते. बैल सोडल्यावर परत जाऊन नवी जागा घेतली व प्रेरणाला पाठवली. तिच्या लोकांना बोल लागू नये.'

तारीख दीड वर्षापूर्वीची होती.

तो निरोप तिला आठवला. त्यात फक्त एक नंबर आणि दोन आकडे होते. बाबांचं नेहमीचं चाललंय म्हणून तिनं नकाशातली ती एक जागा बदलून टाकली होती, आणि उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. त्या शेतातल्या हापशीवरून देवरावांना सगळं कळलं होतं. एकोणसाठ बरोबर जागा कोणाच्याही असू शकतात, एक चुकलेली जागा मात्र ज्याची त्यालाच ओळखू येते. कळल्यावर त्यांनी काय केलं, तर दुसऱ्यांदा त्या गावाला गेले. आणि शेवटच्या दिवशी, रस्त्यावर, मान न वळवता, तिला बोलायला एक जागा करून दिली.

नलू दारात आली. "काय पाहून राह्यली?"

"बाबांचं काम."

"लय होतं नं?" नलू म्हणाली.

प्रेरणानं 'दुरुस्त्या'चं पान पुन्हा वरून वाचायला घेतलं.

पहिल्या रविवारी ती अभ्यासिकेत गेली. त्या दिवशी नऊ माणसं होती. श्रावणनं देवरावांच्या फोटोला हार घातला, सगळे मिनिटभर उभे राहिले. मग श्रावणनं एक छापलेला कागद काढला.

"मी तक्रार लिहून आनली हाय," तो म्हणाला. "त्या पुण्याच्या कंपनीले. काका होते तवा त्यायनं लिहू नाई देल्लं. आता तरी लिहू. पैसे नाई मांगत आपन, फक्त नाव लावा म्हनतो. खाली साऱ्यायनं सह्या करा. पह्यली सही ताईची."

त्यानं कागद आणि पेन तिच्यापुढं ठेवलं. कागदावर पहिल्याच ओळीत तिच्या कंपनीचं नाव होतं.

"श्रावण, थांब." ती उभी राहिली. "ही कंपनी माझी आहे. म्हणजे मी तिथं नोकरी करते. हा नकाशा मी केला. ते पॉइंट बाबांचे आहेत आणि ते मी टाकले. खाली कंपनीचा चमू लिहिलंय ना, ते पण मीच."

श्रावण तिच्याकडे, मग फोटोकडे, मग परत तिच्याकडे पाहत राहिला.

"देवरावांना माहीत होतं?" इंदुताईंनी हळूच विचारलं.

"होतं. दीड वर्षापासून. मला नव्हतं माहीत की त्यांना माहीत आहे." तिनं खुर्चीची पाठ धरली. "त्यांनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, फाइल उघडलीच नाही. परवा मी ऑफिसला सगळं लिहून कळवलंय. नाव लागेल की माझी नोकरी जाईल, ते अजून कळलं नाही."

"ते जाऊ द्या." श्रावणनं कागद उलटा ठेवला. "पन काहून, ताई? काकाचं एक नाव तं लिवायचं होतं. एवढंसं नाव. त्याले काय लागत होतं?"

तिच्याकडे उत्तरं होती. मुदत, नियम, कंपनीत बाहेरच्या माणसाची माहिती चालत नाही. पुण्यात कोणी विचारलं असतं तर तिनं तीच दिली असती, पुण्याच्याच भाषेत. समोर नऊ माणसं बसली होती. बापाची माणसं. त्यांच्यापुढं, पुण्यातल्या चौदा वर्षांत जिभेवर येऊ न दिलेली घरची बोली आपोआप आली.

"मले लाज वाटली," प्रेरणा म्हणाली. "माह्या बाबाच्या नावाची मले लाज वाटली."