पायरीवरचं बोचकं

युस्नीमारनं कपाटाच्या खालच्या फळीवर हात फिरवला आणि मूठभर माती तिच्या हाताला लागली. वाळवी! नवऱ्याचे, शाफ्रिलचे सदरे, लुंग्या, नमाजाची टोपी, सगळं तिनं भराभर बाहेर ओढलं, झटकलं आणि एका चादरीत बांधलं. अंगणभर दालचिनीच्या साली वाळत पडल्या होत्या, दोरीवर तिचे आणि आईचे कपडे होते. उन्हाची जागा उरली होती ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. तिनं बोचकं तिथं नेऊन ठेवलं.

खिडकीतून अमाकनं, म्हणजे तिच्या आईनं, मान बाहेर काढली.

"अगं ए बये, जावयाचं बोचकं पायरीवर? गावात दवंडी पिटायचीय का?"

"ऊन दाखवतेय गं. वाळवी लागलीय."

"आमच्या वेळी बाई तोंडानं काही बोलायची नाही. बोचकं पायरीवर ठेवायची. पुरुष ते उचलायचा आणि बहिणीच्या घरी चालू लागायचा. घर आईकडून लेकीला येणार, त्यात त्याचं काय असायचं? काझीचा तलाकचा कागद मागाहून."

"तुझ्या वेळी!" युस्नीमार हसली. "आता कोण मानतंय ते?"

आठ दिवसांनी तिला हसू आलं होतं. आठ दिवसांपूर्वी मिठावरून वाजलं. सव्वीस वर्षांच्या संसारात मीठ कमीजास्त व्हायचंच, पण शाफ्रिलनं ताट सारलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "एवढा तोरा कशाला? या घरात तुमचं आहे काय?" बोलणं खरं होतं, म्हणूनच बोलायचं नव्हतं. बसची ड्रायव्हरकी सुटल्यापासून तो तसाच अवघडून असायचा, दिवसभर कॉफीच्या टपरीवर डॉमिनो खेळत बसायचा. त्या दिवसापासून तर त्यानं अबोलाच धरला.

चूक आपली आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. माफी मागायला जीभ रेटत नव्हती, म्हणून सकाळीच तिनं कोवळा फणस आणला, त्याला आवडतो तसा नारळाच्या दुधात शिजत ठेवला, मीठ दोनदा चाखलं आणि त्याचं कपाट आवरायला घेतलं. पोरं शहरात गेली होती. आता उरलेलं आयुष्य या एकाच माणसाबरोबर काढायचं होतं, आणि ते तिला हवं होतं. आज अबोला मोडायचाच, असं तिनं ठरवलं होतं.

दुपारची अजान झाली आणि शाफ्रिल अंगणात शिरला. दालचिनी चुकवत जिन्यापाशी आला आणि थबकला.

युस्नीमारनं वरून ते पाहिलं. हातातला डाव तसाच घेऊन ती धावत जिन्याच्या तोंडाशी आली.

"अहो..."

त्यानं वर पाहिलं. ती रागाची, निदान दुखावल्याची नजर शोधत होती. पण त्याच्या कपाळावरची आठी, जी गेली कित्येक वर्षं ती रोज बघत होती, ती नाहीशी झाली होती. तो हसला, लग्नघरातून निरोप घेणाऱ्या पाहुण्यासारखा.

"बरं केलंस, युस."

ती दोन पायऱ्या खाली उतरली.

"माझ्याच्यानं झालं नसतं," तो म्हणाला. "किती वेळा ठरवलं. या वर्षी, पुढच्या वर्षी. पोरं मोठी होऊ देत, मग अमाक आजारी पडल्या. आपण होऊन उठून जायचं म्हणजे तुझ्या तोंडाला काळं. आता कुणाला काही विचारायला जागा नाही. तू सोडवलंस मला."

मागून अमाक ओरडली, "अगं, तोंडात मीठ धरलंयस का? सांग ना त्याला, बोचकं कशासाठी..."

"अमाक, तू गप्प बस."

कढईत फणस खाली लागल्याचा वास येऊ लागला होता. एक शब्द बोलायचा होता, वाळवी. तेवढा ती बोलली असती तर शाफ्रिल वर आला असता, जेवला असता, आणि संध्याकाळी ती आठी घेऊन पुन्हा टपरीवर जाऊन बसला असता. आणखी वीस वर्षं. तिला रडू फुटत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता.

"चष्मा टाकलायस ना यात?" त्यानं विचारलं.

"खिडकीत राहिलाय. देते."

ती आत गेली, कढई उतरवली, चष्मा घेऊन खाली आली. काचा धुरकट होत्या, त्या ओढणीनं पुसल्या. त्यानं चष्मा खिशात घातला आणि बोचकं उचललं, तशी गाठ सरकली आणि सदऱ्याची एक बाही बाहेर लोंबली. संध्याकाळी सोडायचंच आहे म्हणून तिनं सैल बांधलं होतं.

"थांबा," ती म्हणाली.

त्याच्या हातातून बोचकं घेऊन तिनं पायरीवर टेकवलं, बाही आत सारली, चादरीची टोकं ओढून घेतली आणि गाठीवर गाठ मारली.

"बहिणीच्या घराची वाट चढाची आहे," ती म्हणाली. "मध्येच सुटायला नको."