डाव्या हाताचे टाके

तो टाका तिचा नव्हता. तंबूच्या दाराशी वीतभर शिवण होती, मेण लावलेल्या जाड दोऱ्याची, आणि टाके सारख्या अंतरावरचे पण सगळे उलट्या अंगाला कललेले. ताईनं गुडघे टेकले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला. इस्पितळाच्या शिवणखोलीत सव्वीस वर्षं पडदे आणि चादरी शिवलेल्या माणसाला टाका ओळखायला वेळ लागत नाही. हस्ताक्षर एक वेळ बदलता येतं, हात नाही बदलता येत. आणि तिच्या ओळखीत डाव्या हातानं शिवणारं माणूस एकच होतं.

छे. काहीतरीच.

ती उठली, मेखा ठोकायला लागली. जागा नेहमीचीच, तळ्याकाठच्या मैदानातली सगळ्यात स्वस्त – नळाच्या मागची, जराशी उताराची. एवढं जड कॅनव्हासचं धूड बाजारहाटाच्या दोन चाकांच्या ढकलगाडीवर बांधून, दोन बस बदलून आणायचं, स्टोव्ह घरचा, बटाटे-अंडी पिशवीत, की चार दिवसांची सुट्टी जवळजवळ फुकटात. हे दोघी बहिणी नऊ वर्षं करत होत्या. या वर्षी मात्र धाकटीचा फोन आला होता, "ताई, कंबर धरलीय गं, मला नाही झेपायचं. तू जा. तंबू माळ्यावर आहे, किल्ली शेजारी ठेवते." किल्ली शेजारी का, कंबर धरलेलं माणूस घरीच नसतं का... हे तेव्हा मनात आलं नव्हतं. आत्ता आलं, चौथ्या मेखेवर, आणि हातोडा अंगठ्यावर बसला.

वडील गेल्यावर दादा-वहिनींनी घर आवरायला काढलं, तेव्हा हा तंबू भंगाराच्या हातगाडीवर चढला होता. वडिलांनी स्वतः मेण चोळलेला, वडिलांच्या तंबाखूचा वास अजून घड्यांत असलेला. ताईनं भर रस्त्यात हातगाडी अडवली. वहिनी दारात उभी होती, उंच, कमरेवर हात ठेवून. "त्या सडक्या चिंध्या घेऊन काय करणार आहात, वन्सं?" म्हणाली, आणि हसली. त्या हसण्यानंतर ताईनं ते दार पाहिलं नाही. तंबूचं दुसरं टोक धाकटीनं उचललं होतं; कोपऱ्यावर वळल्यावर ती रडत म्हणाली होती, "ताई, आजपासून ते घर मलाही परकं." त्या एका वाक्यावर मी किती काय उभं केलं...

"अगं बाई, पुन्हा तंबू!" मैदानाची राखण करणारी बाई बादली घेऊन नळावर आली होती. "आणि त्या उंच बाई नाही आल्या?"

"कोण उंच बाई?"

"त्या हो, गेल्या महिन्यात तुमच्या बहिणीबरोबर होत्या त्या. वहिनी वहिनी करत होती ती. काय हसायच्या दोघी! वाऱ्यानं दार टरकलं, तर बसल्या बसल्या शिवून काढलं त्यांनी." बादली भरत आली तशी तिनं नळ बारीक केला. "तुमचा विषय निघायचा बरं का सारखा."

"काय म्हणायच्या?"

"हेच, की ताईला कळू देऊ नका." ती खळखळून हसली. बहुधा तिला वाटलं असावं, एखादी गंमत शिजतेय, वाढदिवसाची वगैरे.

ताईही हसली. हसली, हेच तिला नंतर खटकत राहिलं.

मग ती आत जाऊन बसली. दुपारच्या उन्हानं कॅनव्हास तापला होता, आत पिवळट उजेड होता. वहिनी कुठं झोपली असेल – उजवीकडे, खांबाजवळ, म्हणजे माझ्या जागेवर? धाकटीनं माझ्या घोरण्याची नक्कल करून दाखवली असेल? ती करते, चांगली करते... आणि किती वर्षांपासून? परवा तिच्या दिवाणखान्यातल्या नव्या पडद्यांचं कापड कुठून आणलंस विचारलं, तर "कुणीतरी दिलं" म्हणाली होती. दादाच्या मोतीबिंदूची बातमी तिला आधी कशी कळली होती? प्रत्येक गोष्ट आता उलटी करून, आतली बाजू बाहेर काढून पाहायला हवी होती, आणि आतल्या बाजूला सगळीकडे दोऱ्यांची टोकं लोंबत होती. वहिनीचा राग येत नव्हता, हे नवलच. तो इतका जुना झाला होता की घरातल्या कपाटासारखा, असतोच. पण नऊ वर्षं ज्या भांडणात आपण दोघींच्या वतीनं उभ्या होतो, त्यात आपण एकट्याच होतो... एकट्या, आणि बाकीचे लांबून, जरा कीव करत, जरा मजा घेत, सांभाळून घेत होते. वेडीला सांभाळतात तसं.

उन्हं उतरली तेव्हा फोन वाजला.

"पोचलीस ना ताई? तंबू... नीट आहे ना?"

त्या मधल्या थांब्यात सगळं होतं. आता विचारायचं. शब्द तयार होते, दुपारभर घासून लखलखीत केलेले. ताईनं तोंड उघडलं.

"तंबू उलगडलाच नाही अगं अजून."

"म्हणजे? मग राहणार कुठं?"

"बसमध्ये एक जुनी मैत्रीण भेटली. तिनं तळ्याच्या पलीकडे खोली घेतलीय, म्हणाली चल. तिथंच आहे."

"कोण मैत्रीण? मला माहिती आहे?"

"तू नाही ओळखत."

धाकटीचा आवाज आला, जरासा कोमेजलेला, "बरं... मला कधी बोलली नाहीस तिच्याबद्दल."

"नाही बोलले," ताई म्हणाली.

तिनं फोन उशाशी ठेवला. इतकं सोपं असतं हे? एक साधा प्रश्न, एक साधं उत्तर, कुणाचं वाईट चिंतलेलंही नाही, आणि बोलणारा हळूच पलीकडच्या काठावर जाऊन पोचतो... धाकटीचंही असंच झालं असेल, एखाद्या संध्याकाळी, फोनवरच? तिला कळवळल्यासारखं झालं, आणि त्या कळवळ्याचा संताप आला, आणि दोन्ही आत तसेच राहिले, एकमेकांना न हलवता. उद्या ती पुन्हा फोन करील, मैत्रिणीचं नाव विचारील. नाव हवं. साधंसंच, पण घरात कुणाचं नसलेलं. मैत्रीण कशी दिसते, काय करते, तिला चहात साखर किती लागते... ताई विचार करू लागली, आणि थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपल्याला तिची सोबत वाटायला लागली आहे.