आल्बीचा हॉर्न

मे महिन्यात त्या गावात दोनच गोष्टींची वाट बघतात, पेरणीपुरत्या पावसाची आणि शनिवारच्या फुटबॉलची. पावसानं यंदा तोंड दाखवलं नव्हतं. सामना मात्र ठरल्या वेळी होता आणि थेल्मा तासभर आधीच मैदानावर येऊन थांबली होती.

कुंपणालगत, धावफलकापासून चौथी जागा आल्बी नोस्केची, गेली एक्केचाळीस वर्षं. पाटीबिटी काही नाही, पण तिथे दुसरं कुणी गाडी लावत नाही. एकदा बाहेरगावच्या एका शहाण्यानं लावली होती. त्याला इतक्या जणांनी इतक्या प्रेमानं समजावलं की तो मध्यंतराच्या आधीच घरी गेला.

गाडी आता थेल्मा चालवायची. पण सामना बघायचा तो आल्बीनं स्टिअरिंगमागे बसूनच. आपल्या पोरांनी गोल केला की कुंपणाभोवतीच्या झाडून सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतात, आणि स्वतःच्या गाडीचा हॉर्न बायकोला वाजवू देणारा पुरुष त्या गावात अजून जन्माला यायचा होता. म्हणून दर शनिवारी क्लॅरी पिम यायचा. आल्बीबरोबर बारा वर्षं खेळलेला, आता गुडघे गेलेला. दोघं मिळून आल्बीला या सीटवरून त्या सीटवर हलवायची.

"काय रे, वजन वाढलंय तुझं! ही खायला काय घालते तुला?" क्लॅरी धापा टाकत म्हणाला.

आल्बीनं डाव्या हातानं दारावर एकदा टकटकवलं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. दीड वर्षापूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हापासून त्याची सगळी भाषा एवढीच. चहा हवा? टक. आणखी बटाटा? टक टक. थेल्माला वाटायचं, एवढ्यात संसार होतो की. पूर्वी तरी तो कुठे फार बोलायचा.

हॉस्पिटलात पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला सांगितलं होतं, "तुला मी कुठेही पाठवणार नाही. कळलं?" पलंगाच्या दांडीवर त्यानं एकदा वाजवलं होतं.

आणि मार्चमध्ये न्हाणीघरात ती त्याच्यासकट पडली. दोन तास दोघं फरशीवर पडून होती, पोस्टमन येईपर्यंत. तिचा खांदा निकामी झाला तो झालाच. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "पुढच्या वेळी मला दोन पेशंट मिळतील, थेल्मा, किंवा एकही नाही." नव्वद किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. कशी रिकामी झाली, हे कुणी विचारत नाही. सोमवारी दहाला पोचायचं होतं. तिथल्या नियमाप्रमाणे प्रत्येक कपड्यावर नाव हवं, म्हणून तो दुपारी झोपला की थेल्मा नावाच्या पट्ट्या शिवत बसायची. सात बनियन, सात पायजमे, आठ मोजे. सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या आल्बीला.

आज सांगायचंच, असं ती ठरवून आली होती. गुरुवारीही असंच ठरवलं होतं. पण आज ऊन छान होतं, कुंपणाजवळच्या मोठ्या झाडाची सावली बॉनेटवर पडली होती, थर्मासात चहा होता, डब्यात अंड्याची सँडविचेस होती. त्याच्या मांडीवर चौकड्यांची शाल टाकून तिनं टपरीवरून आणलेला मटणाचा गरम पॅटिस फोडला, फुंकर मारून निववला आणि घास घास भरवला. टोमॅटोचा सॉस हनुवटीवर ओघळला तो पुसला. मध्यंतरापर्यंत पोरांनी पाच गोल केले. पाचही वेळा आल्बीनं हॉर्नवर असा पंजा मारला की शेजारच्या गाडीतलं कुत्रं भुंकायला लागलं. तो हसत होता, अर्ध्या तोंडानं. त्याच्या तोंडावरचं ते हसू आपण पुसायचं? मध्यंतरात तिनं नुसता चहा ओतला.

चारांपैकी तिसरा क्वार्टर सुरू झाला तेव्हा क्लॅरी खिडकीशी आला. मनानं सोनं माणूस, पण जिभेला हाड नाही.

"बघून घे रे नीट," तो आल्बीच्या खांद्यावर थोपटत म्हणाला. "पण तिकडेही मोठा टीव्ही आहे म्हणे. आणि सोमवारी तुझं सामान उचलायला मी येतोय बरं का, थेल्मा. त्या खांद्यानं काही उचलू नकोस."

क्लॅरीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आल्बीकडे, आणि "आलोच हं" म्हणत तो जो निघाला तो थेट पॅटिसच्या टपरीमागे दिसेनासा झाला.

आल्बी तिच्याकडे बघत होता. चांगली नजर होती अजून त्याची.

"मी सांगणार होते," ती म्हणाली. "आजच सांगणार होते. माझ्याच्यानं उचलवत नाही रे तुला. पुन्हा पडलो तर? मी रोज येईन... रोज नाही, एक दिवसाआड. खिडकीतून झाड दिसतं. बघून आलेय मी." मग तिला स्वतःचाच राग आला. झाडाचं काय सांगतोय आपण? "आल्बी, जाशील ना?"

समोर पाहुण्या संघाचा एक उंच पोरगा गोलवर किक मारायला चेंडू घेऊन उभा होता. मैदान चिडीचूप होतं. आल्बीनं हात उचलला आणि हॉर्न दाबला. दोनदा.

मग पुन्हा दोनदा. पुन्हा दोनदा.

"अरे वा, आल्बी!" पलीकडच्या ट्रकमधून कुणीतरी ओरडलं. "बिचकव त्याला, बिचकव!" आणि त्यानंही दोनदा हॉर्न दिला. तिकडून तिसऱ्यानं दिला, मग चौथ्यानं. बघता बघता कुंपणाभोवतीच्या सगळ्या गाड्या त्याच्या तालावर दोन-दोनदा ओरडायला लागल्या. पंच हात नाचवत होता. कुणी त्याला चष्मा घरी विसरलास का म्हणून विचारत होतं. सगळं गाव मजेत, पोट धरधरून हसत, आल्बीबरोबर नाही म्हणत होतं, आणि आपण काय म्हणतोय हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

पोरगा बिचकला. चेंडू खांबाबाहेर गेला. गावानं अशी आरोळी ठोकली की झाडावरचे पांढरे काकाकुवे उडाले.

"ऐकलं मी," थेल्मा त्याच्या कानाशी म्हणाली. "ऐकलं रे." बनियनवर पट्ट्या शिवून झाल्या होत्या. आल्बीनं हात मांडीवर घेतला आणि पोरांनी शेवटचे चार गोल केले तरी तो उचलला नाही.

गाव चार गुणांनी जिंकलं, आणि तिथल्या फुटबॉलात एका गोलाचे सहा गुण. माणसं येऊन बॉनेट बडवत होती. "तूच जिंकवलंस रे, म्हाताऱ्या! तो गोल झाला असता तर मेलो असतो!" कुणी खिडकीतून त्याच्या मांडीवर बिअरचा कॅन ठेवून गेलं. आल्बी समोर, रिकाम्या होत चाललेल्या मैदानाकडे बघत होता.

अंधारायला लागलं तसा क्लॅरी परत आला, मान खाली घालून. दोघांनी आल्बीला सीट बदलायला काखांत हात घालून धरलं, तेव्हा त्याच्या डाव्या हातानं स्टिअरिंग पकडलं. क्लॅरीनं ओढून पाहिलं. हात सुटेना.

"आज घरी जायचं नाही वाटतं गड्याला," जाता जाता कुणीतरी हसून म्हणालं.

थेल्मानं गाडीत वाकून चांगल्या हातानं त्याची बोटं सोडवली. एकेक करून सोडवावी लागली.