पाचव्या भागातला कोट क्रमांक तीन

"बाई, 'चांदीचे दात' सिनेमाचा पाचवा भाग इतका रद्दी कसा काय झाला हो?"

मित्रांनो, वेंदुलाने हा प्रश्न विचारला तेव्हा मी व्यायामशाळेच्या भिंतीवरच्या लाकडी शिडीला लटकत होतो, आणि माझी बटणंसुद्धा दचकली! खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. मला बघून तिच्या दोन मैत्रिणी फिदीफिदी हसल्या होत्या. "अगं, हा तोच भोकवाला कोट! जा, विचार बाईंना. लाव पैज, तुझी हिंमतच नाही." वेंदुला गेल्या वर्षीपर्यंत म्हणे हजेरीलाही पुटपुटायची, पण आज ती तडक गेली आणि व्यायामाच्या शिक्षिका दिताबाईंसमोर उभी राहिली. कान लाल झालेले, पण मान ताठ. शप्पथ, मला ती तिथेच आवडली.

बाई उत्तर देतील तेव्हा देतील. तोवर माझी ओळख करून देतो. मी एक जुना, घोट्यापर्यंत येणारा, काळा चामडी कोट आहे. 'चांदीचे दात'मध्ये रक्तपिपासूंच्या टोळीशी एकटी लढणाऱ्या नायिकेसाठी प्रागच्या वोत्रुबा मास्तरांनी मला शिवलं. शिवलं म्हणजे काय, घडवलं! कातडं मऊ व्हावं म्हणून ते मला मांडीवर घेऊन तासन् तास चोळत बसायचे आणि माझ्याशी फुटबॉलबद्दल बोलायचे. आम्ही तीन भावंडं. क्रमांक एक नायिकेचा चेहरा जवळून दाखवायचा तेव्हासाठी. क्रमांक दोन साखरेच्या पाकातल्या खोट्या रक्तात भिजण्यासाठी, म्हणून तो बिचारा कायम चिकट. आणि मी, क्रमांक तीन, उड्यांसाठी! माझ्या पाठीत मुद्दाम वीतभर चीर ठेवली होती. तिच्यातून तार आत जायची आणि उडी मारणारीच्या पट्ट्याला अडकायची. आमचे आकडे कॉलरच्या आत लाल दोऱ्याने शिवले होते. घडी घातल्यावर कोण कुठला, ते फक्त मास्तरांना कळायचं.

माझ्यात शिरून उडी मारणारी म्हणजे दिता, याच आजच्या दिताबाई. नायिका पोस्टरवर आणि हाडं मात्र दिताची! मठाच्या घंटाघरावरून तिने पाच वेळा उडी मारली. सात मजल्यांची उंची, मित्रांनो! पहिल्यांदा धूर कमी पडला, दुसऱ्यांदा जास्त झाला, तिसऱ्यांदा एक कबूतर मध्ये आलं. चौथ्या उडीत तिचं मनगट मुरगळलं. तिने माझ्या बाहीखाली पट्टी गुंडाळली, दात विचकून हसली आणि म्हणाली, "चला, आता जमलंय मला." पाचव्यांदा आम्ही असे काही खाली आलो की माझे दोन्ही पदर पंखांसारखे उघडले आणि दिवे धरणारी माणसं दिवे खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागली. तेवढा अभिमान मला परत कधी वाटला नाही.

आणि तरीही सिनेमा आपटला. का? तर दिताबाईंनी त्या दिवशी व्यायामशाळेत जे सांगितलं, ते बारा वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाई गादीवर बसल्या. मुलींनाही बसवलं. "रद्दी झाला, कारण गोष्टच रद्दी होती," त्या म्हणाल्या. "रक्तपिपासूंचा राजा मेला, मग जिवंत झाला, मग परत मेला. लिहिणाऱ्यालाही आठवत नव्हतं. पण तुम्ही हसता ते भोकाला ना?"

"हो," वेंदुला म्हणाली. "नायिका म्हणते, 'मला कोणीही जखमी करू शकत नाही', आणि वळते तर पाठीत हे एवढं मोठं..."

"ते भोक माझ्यामुळे दिसलं."

मैत्रिणी सरकून जवळ आल्या.

"शूटिंगचा शेवटचा दिवस होता. सप्टेंबर. दोन दिवस पाऊस पडून गेलेला आणि शेजारीच जंगल. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुणी तंबूत झोपून राहील का?"

"छे! अळंब्या वेचायच्या!" तिघी एकदम म्हणाल्या.

"अळंब्याच! पहाटे मीच वोत्रुबा मास्तरांना उठवलं. म्हटलं, तासाभरात परत येऊ. तर पहिल्याच झाडाखाली तपकिरी टोपीच्या ह्या एवढ्या अळंब्या! तासाचे तीन तास झाले. परत आलो तेव्हा सगळे आमच्या नावाने ओरडत होते. नायिकेला संध्याकाळी विमान गाठायचं होतं. मास्तरांच्या दोन्ही हातांत टोपल्या. ते म्हणाले, दिता, तो कोट दे तिला. मी हाताला लागला तो दिला. आकडा बघितलाच नाही."

तो कोट मी होतो.

मित्रांनो, मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं होतं, पण कोटाला कुठला आवाज! मी नायिकेच्या अंगावर चढलो, घाईत माझी चीर कुणालाच दिसली नाही, ती कॅमेऱ्यासमोर वळली आणि पुढे चित्रपटगृहं हसली. वर्तमानपत्रांनी माझ्या पाठीचा फोटो छापला. सहावा भाग निघालाच नाही. मास्तरांनी दोष स्वतःवर घेतला आणि दिताने तो घेऊ दिला. जाताना त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं. "उडी तुझी आहे, कोटही तुझाच." तिने मला कपाटात ठेवलं आणि बारा वर्षं दार उघडलं नाही.

"म्हणून आज देऊन टाकतेय," बाई म्हणाल्या. "मिकुलाशच्या सणाला देवदूत आणि सैतान घरोघरी पोरांकडे जातात ना, त्यातला सैतान गावच्या आगीच्या बंबवाल्यांना सजवायचाय. कापतील, केस चिकटवतील, माझ्या डोळ्यांसमोरून जाईल एकदाचा."

वेंदुला उठून माझ्याजवळ आली. तिने माझे पदर दोन्ही हातांनी पसरून पाहिले. "बाई, ती घंटाघराची उडी मी एकवीस वेळा बघितलीय. एकटीने. हसायला नाही." मग ती मागे वळून मैत्रिणींना म्हणाली, "ए, पैज जिंकले मी. आता गप्प बसा."

बाईंनी तोंड फिरवून नाक शिंकरलं. तेवढ्यात दारात बंबवाल्यांचे प्रमुख लुबोर आले. तेच वेंदुलाचे बाबा. त्यांनी मला बटाट्याच्या पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि नेलं.

आता मी त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर पसरलेला आहे. डावीकडे मेंढीच्या केसांचे झुपके, उजवीकडे साखळी आणि शिंगं, आणि मध्ये पत्रा कापायची कात्री. खडूने माझ्यावर गुडघ्याच्या उंचीला रेघसुद्धा मारून झाली. मित्रांनो, मला कुणाच्या अंगावर जायला लाज नाही. सैतान तर सैतान! पण मास्तरांनी मांडीवर घेऊन मऊ केलेलं हे कातडं आहे, आणि मुरगळलेल्या मनगटाची उडी याच बाहीत झालीय. सिनेमा फसला म्हणून त्यात घाम गाळलेली माणसं फसलेली ठरत नाहीत. एखाद्या वस्तूवर हसलात तर खुशाल हसा, पण कापण्याआधी ती कोणी केली आणि कोणी वापरली, तेवढं एकदा विचारा. विचारायला फार वेळ लागत नाही.

लुबोरांनी कात्री उचलली. थंड पातं माझ्या पदराला लागलं. आणि धाडकन दार उघडून वेंदुला आत आली, बूटही न काढता.

"बाबा, थांबा!"

"अगं, फरशी!" ओट्यापाशी पिठात हात असलेली आई ओरडली.

"का थांबू?" बाबा म्हणाले. "सैतान काय नाचाला चाललाय, की त्याला अख्खा कोट पाहिजे? आणि माझ्या पोटावर याची बटणंच लागत नाहीत."

"तुमच्या नाहीच लागणार."

"बघ कशी बोलते! नऊ वर्षं सैतान होतोय मी. गावातली पोरं मला बघून टेबलाखाली शिरतात."

"बाबा, गेल्या वर्षी तुम्हाला बघून पोरांनी 'लुबोरकाका, सरबत घेणार का' विचारलं."

आई हसू दाबायला गेली आणि तिच्या नाकाला पीठ लागलं. "बरं, ते राहू दे. तू इकडे ये आणि पंख घालून बघ. मी त्यांना नवीन कापूस लावलाय. यंदा देवदूत कसा छान..."

वेंदुलाने बाबांच्या हातातून कात्री काढून घेतली. मला उचलून अंगात चढवलं. बाह्या जरा लांब होत्या, त्या तिने दोनदा दुमडल्या. मग बटणं लावली, खालपासून वरपर्यंत, एकेक करून.

"आई, बाबा, नीट ऐका," ती म्हणाली. "देवदूत दुसरा शोधा. यंदा सैतान मी होणार आहे, आणि या कोटाला कोणीही कात्री लावणार नाही."