फेस आला, डाग राहिला

ऐकू येतंय का? मी साबणाचा एक रेणू. जरा कान इकडे करा, माझ्याकडे वेळ फारसा उरलेला नाही.

कारखान्यात जन्मलो तोच दुभंगलेला. डोक्याला पाणी प्रिय, शेपटाला पाण्याचा तिटकारा. पाण्यात पडलो की माझ्या शेपटाभोवती पाण्याच्या रेणूंना अवघडून, ठरावीक ठेवणीत उभं राहावं लागतं. त्यांची मोकळीक जाते. मग आम्ही पुरेसे असलो तर पन्नास-साठ जण गोळा होतो, शेपट्या आत, डोकी बाहेर. त्या गोळ्याला मायसेल म्हणतात. अवघडलेलं पाणी सुटतं, पुन्हा हुंदडायला लागतं. आणि तेलाचा डाग आम्ही त्या गोळ्याच्या पोटात घेतो.

मला वाटायचं, सोबत्यांना माझा लळा आहे. कसला लळा न् काय! सगळा खटाटोप पाण्याच्या मोकळिकीसाठी. आमची संख्या एका मर्यादेखाली गेली की गोळा बनतच नाही. ज्यानं त्यानं एकट्यानं भटकायचं.

मी राहायचो एका गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या मोरीत, बाटलीत. माणूस भला, पण खोड वाईट. बाटली संपत आली की तीत पाणी घालून खळखळ हलवायचा. बायको वैतागायची.

"अहो, यात साबण कुठे उरलाय? नुसतं पाणी!"

"फेस येतोय ना? मग झालं तर!"

परवा त्यानं असंच दोनदा पाणी घातलं. काल छातीत कळ आली आणि तो गेला.

"जन्म तेलकट कपड्यांत गेला. जाताना तरी स्वच्छ सदरा घाल गं मला," असं तो चेष्टेत म्हणायचा. आज सकाळी बायकोनं त्याचा एकुलता एक पांढरा सदरा काढला, तर खिशावर हा एवढा ग्रीसचा डाग.

"वहिनी, दुकानं उघडायला वेळ आहे. बाटलीत आहे तोच साबण घाल," नणंद म्हणाली.

बायकोनं भरलेल्या बादलीत बाटली उपडी केली. अगं बाई, डागावरच ओत! आम्हाला एकत्र राहू दे! मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. ऐकतंय कोण? आम्ही बादलीभर पांगलो. काही वर जाऊन हवेत शेपट्या काढून बसले. तोच तो फेस.

"बघ, केवढा फेस आलाय! निघेल आता," नणंद म्हणाली.

बोटं सोलवटेपर्यंत तिनं घासलं. एकही गोळा बनला नाही. मी तेवढा डागाला चिकटलो, ग्रीसमध्ये शेपूट रुतवून ओढत राहिलो. एकट्याच्यानं होतंय थोडंच?

तिनं सदरा इस्त्रीनं वाळवला आणि खिशाकडे बघत उभी राहिली.

"ताई, नाही गेला हो डाग."

"असू दे गं. कोण बघतंय?"

"ते बघतील ना."

सदरा घालून झाल्यावर तिनं त्याचा हात उचलून डागावर ठेवला. त्याच्या नखांतही तेच ग्रीस होतं.

त्या गार हाताखाली मी आहे. डोकं पाण्यासाठी तडफडतंय आणि पाणी आता यायचं नाही. मिस्त्री, माफ कर रे बाबा. तू एवढंसंच मागितलं होतंस.

दारात कुणीतरी म्हणालं, "चला, उचला आता." चौघं पुढे झाले. त्याला उचलायला चौघं आहेत. डाग उचलायला मी एकटा.