‘मर्यादा’ची नोंद

दिनकररावांनी कोशासाठी ‘मर्यादा’ या शब्दाची नोंद लिहिली आणि त्या सकाळपासून प्रमिलाबाईंना स्वयंपाकघराबाहेर येता येईना. त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत, आणि ते आत ओट्यापाशीच पडे.

“अहो, काय लिहिलंत?” त्यांनी आतून विचारलं.

कोशात प्रत्येक अर्थाखाली एक वाक्य द्यावं लागतं, आणि वाक्याला माणूस लागतो. दिनकरराव तीस वर्षं घरातलंच नाव घालत आले होते. त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली. “अर्थ एक. सीमा, हद्द. ‘प्रमिलाने स्वयंपाकघराची मर्यादा कधी ओलांडली नाही.’”

“शेजारच्या पोतदारबाईंचं नाव घालायला काय झालं होतं? तिकडे शकू मिरजेच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतेय. खोडा ते.”

“शाईनं लिहिलेलं खोडत नाहीत. खाली नवा अर्थ देता येतो.”

“मग द्या की! बहीण थांबायची नाही माझी, तुमचे अर्थ होईपर्यंत.”

आपल्याला हा शब्द कळलेलाच नाही, अशी शंका दिनकररावांना आली. तरी त्यांनी लिहिलं: अर्थ दोन. कमाल प्रमाण. ‘प्रमिलाच्या सोसण्यालाही मर्यादा होती.’ स्वयंपाकघराच्या भिंती हातभर आत सरकल्या. अर्थ तीन. मुदत. ‘प्रमिलाची या घरातली मर्यादा आज संपली.’ भिंती आणखी आत आल्या. प्रमिलाबाई मिरजेला न्यायची पिशवी छातीशी धरून ओट्याला चिकटल्या.

“पुरे हो. आता वळताही येत नाही मला.”

चौथ्या अर्थाला त्यांनी तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं. ‘प्रमिलाच्या एकेका पावलागणिक दिनकरने आपली मर्यादा आखडती घेतली.’

प्रमिलाबाईंनी पाय उचलला. तो उंबऱ्याबाहेर पडला. दिनकररावांच्या पाठीमागची पुस्तकांची भिंत तेवढीच पुढे आली. त्या घराच्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा दिनकररावांची खुर्ची टेबलावर आदळली होती.

प्रमिलाबाईंनी वळून पाहिलं. “तुमची अडचण होतेय. थांबू का?”

“नको. वाक्य बरोबर आहे,” ते म्हणाले. तशी त्यांना खात्री नव्हती. “शकूला म्हणावं, मी आठवण काढली.”

त्या जिना उतरू लागल्या. नवव्या पायरीला समोरची भिंत दिनकररावांच्या गुडघ्यांना टेकली. फाटकाची कडी वाजली तेव्हा छत केसांना लागलं. दिनकररावांनी चष्मा काढून मुठीत घेतला, कारण चेहऱ्यासमोर आता त्याला जागा नव्हती. कोपऱ्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. रिक्षातलं अंतर पावलांत धरायचं का, हे वाक्यात नव्हतं. मिरज अजून दहा किलोमीटर होती.