पुढच्या सीटवरचा जांभळा डाग

टेम्पो रामदासच्या नावावर असला तरी पुढची सीट प्रतिभाची, हे जुन्नरच्या त्यांच्या अख्ख्या आळीला ठाऊक होतं. ड्रायव्हरशेजारच्या त्या दोघांपुरत्या सीटचं माप तिनं स्वतः घेतलं होतं, फिक्या क्रीम रंगाचं कापड आणलं होतं आणि कडेनं लाल गोट लावून कव्हर शिवलं होतं. टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या टेम्पोला क्रीम कव्हर! लोक हसले, पण हसणाऱ्यांच्या बायकांना घरचे कधी पुढं बसवून लेण्याद्रीला नेत नव्हते, त्यामुळं प्रतिभानं त्यांचं हसणं फारसं मनावर घेतलं नाही.

आणि आज सकाळी त्या सीटवर, बरोबर तिच्या जागेवर, जांभळा डाग होता. सांडल्याचा नव्हे, बसल्याचा. कुणीतरी ओल्या साडीनं ऐसपैस बसून गेलं होतं आणि पाठ टेकल्याची खूणही वर ठेवून गेलं होतं.

प्रतिभा झीशानभाईंच्या साडीच्या दुकानात कामाला होती, फॉल-पिकोही करायची. कच्चा रंग तिला लांबून कळायचा. हा रंग कच्चा, साडी कोरी, एकदाही न धुतलेली. असल्या साड्या कोण घेतं तेही तिला माहीत होतं. ज्याला देण्यापुरतं द्यायचंय आणि खर्चायचं नाहीय, त्याला द्यायला लोक असल्या साड्या घेतात.

रामदासला तिनं विचारलं, काल कुठं गेला होतात? बेल्ह्याला, तो म्हणाला आणि चहाच्या कपात बघत राहिला. प्रतिभाच्या डोक्यात तिडीक गेली. पूर्वेला बेल्ह्याकडं महिनाभर ढग नुसते तोंड दाखवून जात होते. तिकडं भिजायचं म्हटलं तर अंगावर बादली ओतून घ्यावी लागली असती. ओली बाई म्हणजे पश्चिमेची, घाटघरच्या रस्त्याची. तिकडं पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. आणि त्याच रस्त्याला, आपटाळ्याजवळ, भागूचं चहाचं हॉटेल होतं.

भागूशी रामदासचं लग्न ठरता ठरता राहिलं होतं. ही गोष्ट त्यानंच लग्नानंतर हसत हसत सांगितली होती आणि तेव्हापासून त्या रस्त्यानं जाताना तो गुणगुणायला लागला की प्रतिभा त्याला मिरच्यांचा भाव विचारायची. आता भागू तिच्या सीटवर बसत होती. वर साडी! ती रामदासनंच दिलेली असणार, दुसरं कोण देतंय. दिली तीही कच्च्या रंगाची, एवढ्यावर प्रतिभाला जरा बरं वाटलं. मग तिला आठवलं, आपल्याला तर तीही दिली नाही, आणि तेवढं बरं वाटणंही गेलं.

घाटघरला थोरल्या दिराकडं तिची सासू सोनीबाईही राहायची. पण सासूचा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. टेम्पोची पूजा झाली त्या दिवशी म्हातारी कौतुकानं पुढं चढायला गेली होती, पाय चिखलाचे होते आणि प्रतिभा म्हणाली होती, आत्याबाई, सीट मळंल. त्यानंतर सोनीबाईनं टेम्पोला हात म्हणून लावला नव्हता.

असा डाग कसा काढायचा हे प्रतिभा दुकानात गिऱ्हाइकांना नेहमी सांगायची. आधी लपलेल्या कोपऱ्यावर थोडं पाणी लावून बघायचं, कापडाचा स्वतःचा रंग सुटतोय का. मग गार पाणी, पांढरं फडकं, आणि कडेकडून आत नुसतं टिपायचं. घासायचं नाही, गरम पाणी तर मुळीच नाही. हे सगळं पाठ असलेल्या बाईनं बंबातलं कढत पाणी घेतलं, साबण घेतला, ब्रश घेतला आणि भागूचं नाव घेत सीट घासली. डाग गेला नाही, पसरला. लाल गोटाचाही रंग सुटला. जांभळ्यात लाल मिसळून सीट पाक वाया गेली. वरचं पाणी टिपलेल्या पांढऱ्या फडक्यावर मात्र जांभळा रंग लख्ख उतरला होता. ते तिनं वाळवून, घडी करून पिशवीत ठेवलं. त्या बाईच्या पदराला लावून दाखवायला.

चार दिवस ती रामदासशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी त्यानं सकाळीच गाडी काढली तशी ती पिशवी घेऊन पुढं जाऊन बसली. मीपण येते, म्हणाली. त्याचा चेहरा उतरला. मनातून तिला वाटत होतं, यानं हसून चल म्हणावं.

आपटाळ्याजवळ भागूचं हॉटेल आलं. गाऊनवर टॉवेल टाकून भागू भजी तळत होती. रामदासनं गाडी हळू केली नाही, मान वळवली नाही. वस्ताद आहे, प्रतिभाला वाटलं. पाऊस सुरू झाला. चावंड मागं पडलं आणि घाटघरच्या फाट्यावर रामदासनं, न सांगता, न विचारता, गाडी थांबवली.

फाट्यावर पोत्याची खोळ घेऊन सोनीबाई उभी होती. अंगावर जांभळी साडी, बारीक रुपेरी काठाची. प्रतिभानं ती लांबूनच ओळखली. हिचा रंग जातो, गिऱ्हाइकाला दाखवू नका, असं झीशानभाईंनी बजावून बाजूला काढलेली साडी. तीच प्रतिभानं स्वस्तात मागून घेतली होती आणि दिवाळीला घाटघरला पाठवली होती. म्हातारीला काय कळतंय, असं म्हणून. ती साडी म्हातारीनं इतके महिने जपून ठेवली होती आणि आता लेकाच्या गाडीत बसायला काढली होती.

खिडकीत सून दिसताच सोनीबाई वळली आणि मागं क्रेटजवळ चढायला लागली.

"पुढं बसा, आत्याबाई," प्रतिभा म्हणाली.

"नगं गं. तुझी शीट मळंल."

रामदास समोरच्या काचेकडं बघत सांगायला लागला. आईला कुठं जायचं नसतं. आपटाळ्यापर्यंत शेजारी बसून येते आणि एसटीनं माघारी जाते. तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ते ठाऊक होतं.

प्रतिभा खाली उतरली आणि सासूचा हात धरला. हात कोपरापर्यंत जांभळा झाला होता. सोनीबाईनं चढताना काखेतली खताची रिकामी पिशवी सीटवर अंथरली आणि तिच्यावर अंग चोरून बसली. मागल्या खेपेला डाग पडला म्हणून आणली, म्हणाली. प्रतिभानं ती खताची पिशवी ओढून पायाखाली घातली आणि खिडकीशी बसली.

गाडी माघारी जुन्नरच्या वाटेला लागली. मायलेकरांचं बोलणं सुरू झालं, खाचरातल्या पाण्याचं, गाभण म्हशीचं, कुणाच्या पडवीत शिरलेल्या सापाचं. रामदास खळखळून हसत होता. बायकोशी बोलताना तो असा कधी हसला नव्हता, आणि खरं सांगायचं तर भागूचा जेवढा वाटला नव्हता तेवढा प्रतिभाला आत्ता म्हातारीचा हेवा वाटला. सासूचा ओला पदर तिच्या अबोली साडीला चिकटला होता. जांभळा रंग मांडीवर चढताना तिला दिसत होता. ती सरकली नाही.

आपटाळं आलं तशी सोनीबाई उतरायला हलली. प्रतिभानं दार उघडलं नाही.

"जुन्नरपर्यंत चला. तुमाला दुसरी साडी देते. चांगली."

"आन् हिला काय झालंय?" सोनीबाई पदर मांडीवर सारखा करत म्हणाली. "लग्नानंतर पयल्यांदा तू आपणहून दिली व्हतीस. मी हीच नेसणार."

प्रतिभानं घरून आणलेली आपली पिशवी पायाखाली आणखी आत सरकवली. पांढरं फडकं तिच्यातच होतं.